रजिस्ट्रीतली की 'अॅक्सेस इज डिनाइड' म्हणते तेव्हा नकार नक्की कोण देतं?

रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि त्यातल्या प्रोग्रॅमच्या सेटिंग्जचं कोठार, की म्हणजे त्यातला एक कप्पा, आणि व्हॅल्यू म्हणजे कप्प्यातली एकेक नोंद. प्रश्न थोडक्यात असा आहे. एका प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकताना इन्स्टॉलर एरर १४०२ देऊन थांबतो. 'कुड नॉट ओपन की' असं म्हणतो आणि पुढे एका कीचा लांबलचक पत्ता दाखवतो. ती की हाताने डिलीट करायला गेलं तर रजिस्ट्री एडिटरही नकार देतो. खातं अॅडमिनचं आहे, एडिटर 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडलाय, कीची मालकीही स्वतःच्या नावावर करून झाली, तरी तेच. आता विचारणाऱ्याच्या हाती एक स्क्रिप्ट लागली आहे. ती एचकेएलएमखालच्या, म्हणजे सगळ्या संगणकाला लागू असलेल्या भागातल्या, झाडून सगळ्या कीजवर अॅडमिन्सना फुल कंट्रोल देते. चालवू का?

नका चालवू.

त्या जातीच्या स्क्रिप्ट माझ्या चांगल्याच परिचयाच्या आहेत. बऱ्याचशा सबइनएसीएल या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या टूलवर उभ्या असतात आणि कॉपी होत होत वर्षानुवर्षं फिरत राहतात. हे पाप मीही एकदा केलंय. विंडोज १० चा संगणक, असाच अडलेला इन्स्टॉलर, आणि संगणकाचे मालक शेजारी घड्याळ बघत बसलेले. स्क्रिप्ट चालवली, पडद्यावरून ओळीच्या ओळी सरसर गेल्या, इन्स्टॉलर पुढे सरकला, मला वाटलं जिंकलो. रीस्टार्ट केल्यावर स्टार्ट मेनूवर क्लिक केलं तर काही उमटेना. सेटिंग्ज उघडेना. कॅल्क्युलेटर क्षणभर दिसायचा आणि मिटायचा. कारण सापडायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली.

झालं होतं असं. विंडोज ८ पासून ही नव्या पद्धतीची अॅप्स स्वतःच्या बंदिस्त कुंपणात चालतात. रजिस्ट्री वाचण्यासाठी त्यांना 'ऑल अॅप्लिकेशन पॅकेजेस' नावाच्या गटाला दिलेली परवानगी लागते, आणि ती ठिकठिकाणच्या कीजवर नोंदलेली असते. माझ्या स्क्रिप्टने परवानग्या वाढवल्या नव्हत्या, जुन्या पुसून त्या जागी नव्या लिहिल्या होत्या. त्या गटाचं नाव सगळीकडून उडालं. अॅडमिनला सगळं रान मोकळं आणि कॅल्क्युलेटरला दार बंद. कुठल्या कीवर आधी काय होतं याची नोंद माझ्याकडे नव्हती, त्यामुळे परतीची वाटही नव्हती. विंडोज नव्याने टाकावं लागलं. तेव्हापासून माझा हात एका वेळी एकाच कीवर जातो.

आता मुळाकडे येऊ. 'लॉक झालेली की' हा शब्दप्रयोगच थोडा फसवा आहे. फाइल एखाद्या प्रोग्रॅमने धरून ठेवली म्हणून दुसऱ्याला मिळत नाही, असं होतं. रजिस्ट्रीत सहसा तसं होत नाही. एकच की दहा प्रोग्रॅम एकाच वेळी उघडून बसू शकतात, त्यात लिहूही शकतात. म्हणून फाइल सोडवायची 'अनलॉकर' छापाची टूल्स इथे निरुपयोगी आहेत. 'अॅक्सेस इज डिनाइड' म्हणजे विंडोजची एरर क्रमांक ५. तीच कधी ०एक्स८००७०००५ अशा वेषात येते, शेवटचा आकडा पाहिलात तर तोच ५ आहे. तिचा अर्थ इतकाच असतो : तुम्ही मागितलेली गोष्ट कुणीतरी नाकारली. तो 'कुणीतरी' शोधणं हे निम्मं काम. तो परवानग्यांची यादी असेल, यादीतली एखादी 'डिनाय' ओळ असेल, किंवा परवानग्यांशी काही संबंधच नसलेला पहारेकरी असेल.

यातला एक मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो आणि त्यावाचून तासन्‌तास वाया जातात. रजिस्ट्रीत परवानग्या कीला असतात, कीच्या आतल्या व्हॅल्यूला नसतात. म्हणजे 'याच कीमधल्या चार व्हॅल्यू बदलतात, पाचवी बदलत नाही' अशी तक्रार असेल तर परवानग्यांच्या खिडकीत शिरूच नका, दोष तिथे नाही. मी अशा वेळी त्याच कीमध्ये 'टेस्ट' नावाची एक रिकामी व्हॅल्यू करून बघतो. ती झाली आणि हवी ती मात्र बदलेना, तर नकार देणारा दुसराच कुणीतरी आहे. त्याच्याकडे पुढे येतो. टेस्ट व्हॅल्यू काढून टाकायला विसरू नका.

प्रत्येक कीला एक मालक असतो आणि परवानग्यांची एक यादी असते. यादीत 'अमक्याला तमकं करू द्या' किंवा 'करू देऊ नका' अशा ओळी. तुम्ही दार ठोठावलंत, म्हणजे विंडोज तुमच्या खात्याची आणि तुमच्या गटांची नावं त्या ओळींशी ताडून बघतं. थेट त्या कीवर लिहिलेल्या डिनाय ओळी आधी बघितल्या जातात, मग थेट लिहिलेल्या अलाउ ओळी, मग वरच्या कीवरून वारशाने आलेल्या, त्यातही डिनाय आधी. (विंडोज ९५ आणि ९८ मध्ये ही भानगडच नव्हती, रजिस्ट्री सगळ्यांना उघडी. एनटीच्या, म्हणजे आजचं विंडोज ज्यातून आलं त्या, घराण्यात मात्र १९९३ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. विंडोज २००० पर्यंत तर एडिटरही दोन होते. परवानग्या बदलायच्या म्हणजे रेजएडिट३२ उघडायचा, एक्सपीपासून ते एकत्र झाले.)

आणि इथेच तुमचं कोडं सुटतं. मालकी घेतली तरी डिलीट का होत नाही? कारण मालकाला की वाचायचा, तिच्यात लिहायचा किंवा ती पुसायचा हक्क आपोआप मिळत नाही. त्याला परवानग्यांची यादी बघायचा आणि बदलायचा हक्क मिळतो. घर नावावर झालं तरी कुलपाची किल्ली हातात येत नाही, कुलूप बदलून घ्यायची मुभा येते. ते कुलूप बदलायचं दुसरं पाऊल बहुतेकजण विसरतात. मालकीच्या चौकटीत आपलं नाव दिसलं, समाधान झालं, खिडकी बंद, आणि पुन्हा तोच नकार.

दुसरं कारण पोटातल्या कीजचं. वरची की डिलीट करताना एडिटर आधी तिच्या आतल्या कीज एकेक करून पुसत जातो. तळाशी एखादी अशी निघते जिने वरून येणाऱ्या परवानग्या तोडून टाकलेल्या असतात आणि तिचा मालकही वेगळा असतो. एडिटर तिथे थबकतो आणि 'एरर व्हाइल डिलीटिंग की' एवढंच बोलतो. नाव सांगतो वरच्या कीचं, अडलेलं असतं तिसऱ्या पायरीवर. वाईट म्हणजे तोवर काही भावंडं पुसली गेलेली असतात, की अर्धवट रिकामी होते. म्हणून आंधळेपणाने पुन्हा पुन्हा डिलीट दाबू नका. आतल्या प्रत्येक कीवर क्लिक करत खाली जा. जिच्यावर क्लिक केल्यावर 'एरर ओपनिंग की' येतं, ती खरी गुन्हेगार.

आता प्रत्यक्ष हातात घेऊ. पण त्याआधी बॅकअप, आणि इथेही एक खड्डा आहे. फाइल मेनूतल्या एक्सपोर्टने जी रेज फाइल तयार होते, तिच्यात कीज आणि व्हॅल्यू असतात. परवानग्या नसतात, मालकही नसतो. ती परत इम्पोर्ट केल्याने तुम्ही बिघडवलेली यादी जागेवर येत नाही. परवानग्यांसकट हवं असेल तर एडिटरमधूनच एक्सपोर्ट करताना 'सेव्ह अॅज टाइप'मध्ये हाइव्ह फाइल्सचा (रजिस्ट्रीचा तुकडा जसाच्या तसा ठेवणाऱ्या) प्रकार निवडा, किंवा कमांडवर 'रेज सेव्ह' वापरा. तुम्हाला वाचताच येत नसलेली की पहिल्या मार्गाने निघणारच नाही, पण अॅडमिनच्या कमांडवरून 'रेज सेव्ह' बहुधा चालतं, कारण ते बॅकअपचा खास हक्क वापरतं. त्याशिवाय पॉवरशेलमधून गेट-एसीएल चालवून एसडीडीएल नावाच्या रकान्यात येणारी ती अगम्य ओळ एका टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवून ठेवा, मालक आणि यादी दोन्ही तिच्यात असतात. आणि हे सगळं जमत नसेल तर निदान अॅडव्हान्स्ड खिडकीचा फोनने फोटो काढा. हसू नका, माझ्या फोनमध्ये असे पुष्कळ फोटो आहेत आणि त्यांनी मला बऱ्याचदा वाचवलंय. रिस्टोअर पॉइंटही घ्या. सिस्टम३२मधल्या कॉन्फिग फोल्डरखाली रेजबॅक म्हणून जागा असते, तिच्यावर मात्र विसंबू नका. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तिथे आपणहून काही साठवलं जात नाही.

कीवर राइट क्लिक, परमिशन्स, मग अॅडव्हान्स्ड. खिडकीत सगळ्यात वर मालकाचं नाव. अडलेल्या कीवर तिथे सहसा तीन गोष्टींपैकी एक दिसते. 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' दिसलं तर ती विंडोजची स्वतःची की आहे. व्हिस्टापासून सिस्टमचे मोलाचे भाग या सेवेच्या ताब्यात असतात, आणि एका वेगळ्या प्रोग्रॅमच्या अपग्रेडसाठी तिथे हात घालायची वेळ येत असेल तर आधी दोनदा विचार करा. 'अकाउंट अननोन' आणि पुढे एस-१-५-२१ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर तो पूर्वीच्या खात्याचा किंवा दुसऱ्या संगणकावरून आलेल्या प्रोफाइलचा अवशेष आहे, तो हलवायला हरकत नाही. आणि 'अनेबल टू डिस्प्ले करंट ओनर' आलं तर मालक वाचायचाही हक्क तुम्हाला नाही. घाबरू नका, अॅडमिनला मालकी घेता येते, न वाचताही.

चेंज दाबा, नावाच्या चौकटीत 'अॅडमिनिस्ट्रेटर्स' लिहा, चेक नेम्स, ओके. स्वतःचं नाव लिहू नका, गटाचं लिहा. उद्या तुमचं खातं डिलीट झालं तर मागे आणखी एक अनोळखी आकडा उरायला नको. मग ओके करत पूर्ण बाहेर या आणि परमिशन्सची खिडकी पुन्हा उघडा, कारण उघड्या खिडकीत जुनंच चित्र राहिलेलं असू शकतं. आता यादीत अॅडमिनिस्ट्रेटर्सना फुल कंट्रोल द्या. यादीत कुठे डिनाय असेल तर ती आधी वाचा. त्या कीवर थेट 'एव्हरीवन'ला डिनाय लिहिलेलं असेल तर त्यात तुम्हीही आलात, अॅडमिनही आला. अशा वेळी दहा अलाउ ओळी जोडूनही उपयोग शून्य, ती एक डिनाय काढावी लागते.

'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स' ही खूण मोहात पाडते. एकदा टिक केली म्हणजे आतलं सगळं झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात कीच्या आत काय काय आहे हे बघायलाही परवानगी लागते, आणि मालकी घेण्याच्या क्षणी ती तुमच्याकडे नसते. म्हणून बऱ्याचदा 'रजिस्ट्री एडिटर कुड नॉट सेट ओनर' असा संदेश येतो, किंवा काहीच न बोलता आतलं तसंच राहतं. खूण ओळखायची ती अशी : बंद कीच्या डावीकडे बाणच नसतो, जणू आत काही नाही. वरच्या कीवर फुल कंट्रोल मिळालं, एफ५ दाबलं, की बाण उगवतो. मग त्या खालच्या पायरीवर पुन्हा तेच : आधी मालकी, मग परवानगी, मग एफ५. कंटाळवाणं आहे, पण चार-पाच पायऱ्यांच्या झाडाला दहा मिनिटांवर वेळ लागत नाही आणि कुठे काय केलं ते आपल्याला ठाऊक राहतं.

पण थांबा, तुमच्या बाबतीत एवढ्याने इन्स्टॉलर चालेल असं मला वाटत नाही. याचं कारण या सगळ्या उत्तरातला सर्वांत उपयोगी भाग आहे. १४०२ देणारा इन्स्टॉलर तुमच्या खात्याने रजिस्ट्रीत लिहीत नाही. समोर दिसणारी खिडकी तुमची असते. मागे मुख्य काम एमएसआयएक्झेक नावाची सेवा करत असते, आणि ती 'सिस्टम' या खात्याखाली चालते. तुम्ही अॅडमिनला कितीही हक्क द्या, यादीत सिस्टमला फुल कंट्रोल नसेल तर ती सेवा तिथेच अडणार. कितीतरी जणांनी स्वतःला सर्वाधिकार देऊन, परत तीच एरर बघून, डोक्याला हात लावलाय. म्हणून परवानगी देताना दोन नावं : अॅडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टम.

एररमधला पत्ताही नीट वाचा. तो 'अननोन' पासून सुरू होऊन पुढे 'कंपोनंट्स' आणि मग ३२ अक्षरं-आकड्यांची माळ असा असेल, तर ती की 'अननोन' नावाखाली शोधून सापडायची नाही. खरी जागा एचकेएलएममध्ये सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, इन्स्टॉलर, युजरडेटा, एस-१-५-१८, कंपोनंट्स अशी आहे. एस-१-५-१८ म्हणजे सिस्टम खातंच. तिथल्या कीजवर सिस्टम आणि अॅडमिनिस्ट्रेटर्स दोघांनाही फुल कंट्रोल असायला हवं. शेजारची एखादी धडधाकट की उघडून तिची यादी बघा आणि अडलेल्या कीला हुबेहूब तेच द्या. मी नेहमी हेच करतो. 'मूळ परवानग्या काय होत्या?' या प्रश्नाचं उत्तर शेजारच्या कीइतकं कुणीच नीट देत नाही. आणि इथे की डिलीट करू नका, दुरुस्त करा. कंपोनंट्सखालची एकेक की अनेक प्रोग्रॅमच्या सामाईक फाइल्सचा हिशेब ठेवत असते.

अंदाजाने खेळण्यापेक्षा प्रोसेस मॉनिटर वापरा, कुठला प्रोग्रॅम रजिस्ट्रीत काय करतो ते तो ओळीओळीने नोंदतो. सिसइंटर्नल्सचं हे टूल मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळतं. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली, तिचे एक संस्थापक मार्क रसिनोविच तेव्हापासून तिथेच आहेत. टूल अॅडमिन म्हणून उघडा, फिल्टरमध्ये दोन अटी घाला : रिझल्ट 'अॅक्सेस डिनाइड' आणि ऑपरेशन 'रेज' ने सुरू होणारं. मग इन्स्टॉलर चालवा आणि एरर दिसताच रेकॉर्डिंग थांबवा. कॉलम्स निवडायच्या जागी जाऊन 'युजर' हा रकाना चालू करा, तो सुरुवातीला दिसत नाही. आता ओळीत सगळं मिळतं : कुठला प्रोसेस, कुठल्या खात्याने, कुठली की, आणि डीटेल रकान्यात नक्की काय मागत होता. ३२ बिटचा प्रोग्रॅम असेल तर त्याला वाटतं आपण सॉफ्टवेअरमध्ये लिहितोय, विंडोज त्याला गुपचूप वॉव६४३२नोडखाली वळवतं, आणि आपण भलत्याच कीच्या परवानग्या दुरुस्त करत बसतो. प्रोसेस मॉनिटर खरी जागा दाखवतो.

त्यातही एक सावधगिरी. यादीत नकाराच्या पाच-पन्नास ओळी दिसतील आणि त्यातल्या बहुसंख्य निरुपद्रवी असतील. आळशी प्रोग्रॅम आधी वाचायचे आणि लिहायचे दोन्ही हक्क मागतो, नकार मिळाला तर लगेच फक्त वाचायचा मागतो आणि पुढे जातो. म्हणून नकाराच्या ओळीनंतर त्याच कीवर लगेच 'सक्सेस' दिसतो का, ते फिल्टर सैल करून बघा. दिसला तर ती ओळ सोडा. एरर येण्याच्या अगदी आधीचा, मागे सक्सेस नसलेला नकार, तो आपला.

आता ज्या कीज मुद्दाम बंद ठेवलेल्या असतात त्यांच्याबद्दल, कारण तिथे परवानग्यांशी झुंजणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. एखाद्या प्रकारची फाइल कशात उघडावी याची निवड 'युजरचॉइस' नावाच्या कीमध्ये असते, आणि तिच्यावर खुद्द तुमच्याच खात्याला 'सेट व्हॅल्यू' डिनाय केलेलं आढळतं. तो बिघाड नाही. प्रोग्रॅमनी परस्पर स्वतःला डिफॉल्ट करून घेऊ नये म्हणून विंडोजने लावलेला अडसर आहे. विंडोज ८ पासून शेजारी एक हॅशही, म्हणजे पडताळणीचा आकडा, असतो, तो जुळला नाही तर विंडोज तुमची निवड फेकून देतं. तिथे सेटिंग्जमधूनच बदल करा.

डिफेंडर या विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचंही तसंच. टॅम्पर प्रोटेक्शन, म्हणजे त्याची सेटिंग्ज परस्पर बदलू न देणारी राखण, चालू असताना त्याच्या कीजची मालकी घ्या, फुल कंट्रोल द्या, काहीही करा, सेटिंग बदलणार नाही. इथे नकार यादीने दिलेलाच नसतो. विंडोज ड्रायव्हरना रजिस्ट्रीच्या वाटेवर उभं राहून प्रत्येक लिखाण तपासायची आणि अडवायची सोय देतं. बरेच अँटिव्हायरस स्वतःच्या रक्षणासाठी हेच करतात. मघाशी म्हटलेला परवानग्यांशी संबंध नसलेला पहारेकरी तो हाच. तुमची अडलेली की एखाद्या अँटिव्हायरसच्या नावाखाली असेल तर त्याचं स्वतःचं सेटिंग किंवा त्या कंपनीचं काढून टाकायचं टूल वापरा. सेफ मोडमध्ये यातले बरेच ड्रायव्हर उठत नाहीत, म्हणून 'सेफ मोडमध्ये झालं, एरवी होत नव्हतं' हा अनुभव येतो.

करंटकंट्रोलसेटखालच्या 'एनम' कीचीही अशीच गत. तिथे हार्डवेअरची जंत्री असते, अॅडमिनला फक्त वाचता येते. जुन्या प्रिंटरचं भूत काढायला तिथे कुऱ्हाड घेऊन जाऊ नका, डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'शो हिडन डिव्हाइसेस' करून तिथून काढा. सॅम आणि सिक्युरिटी या एचकेएलएममधल्या दोन कीज तर अॅडमिनला रिकाम्याच दिसतात. त्या बघायच्याच असतील तर पीएसएक्झेक या सिसइंटर्नल्सच्याच टूलने एडिटर सिस्टम खात्याखाली उघडता येतो, परवानग्यांना हात न लावता. बघा आणि बंद करा. 'सिस्टम म्हणजे सर्वशक्तिमान' हाही गैरसमजच आहे. ट्रस्टेडइन्स्टॉलरच्या अनेक कीजवर सिस्टमलाही फक्त वाचता येतं.

इव्हेंट व्ह्यूअरमधल्या १००१६ क्रमांकाच्या डीकॉमच्या (प्रोग्रॅमना एकमेकांकडून काम करून घ्यायची विंडोजची सोय) नोंदीबद्दल मला इतक्यांदा विचारतात म्हणून सांगतो : सोडून द्या. ती पुसण्यासाठी लोक ट्रस्टेडइन्स्टॉलरकडून अॅपआयडीची की हिसकावून घेतात आणि परवानग्या वाढवतात. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं म्हणणं आहे : त्या नोंदींनी काही बिघडत नाही, दुर्लक्ष करा. एक नोंद डोळ्यांना खुपते म्हणून घराची भिंत पाडण्यात अर्थ नाही.

एचकेसीयूमधला, म्हणजे चालू खात्याच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या भागातला, एक चकवाही सांगायला हवा. साध्या खात्यावर बसून तुम्ही एडिटर दुसऱ्या अॅडमिनचा पासवर्ड देऊन उघडलात, तर समोरचं एचकेसीयू त्या अॅडमिनचं असतं, तुमचं नव्हे. बदल होतो, पण तुमच्या खात्यात दिसत नाही. मग माणूस पुन्हा परवानग्यांवर संशय घेतो. एचकेयूखाली, जिथे लॉग-इन असलेल्या खात्यांचे भाग असतात, आपल्या एसआयडीच्या (खात्याच्या एस-१-५ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या) कीमध्ये जाऊन काम करा. आणि आपल्याच एचकेसीयूमधल्या 'पॉलिसीज' कीजमध्ये साध्या खात्याला लिहिता येत नाही, हे मुळातच तसं आहे. कामाच्या ठिकाणचा संगणक असेल तर तिथे जे काही बदलाल ते ग्रुप पॉलिसी, म्हणजे संस्थेने आपल्या सगळ्या संगणकांना लावलेले नियम, साधारण ९० मिनिटांनी येऊन पूर्ववत करू शकते.

क्वचित अशी की भेटते जिचं सगळं ठीक दिसतं, तरी ती उघडत नाही, 'सापडत नाही' म्हणते. तिच्या नावात मध्येच शून्य अक्षर दडलेलं असतं आणि रजिस्ट्री एडिटर त्या शून्यालाच नावाचा शेवट समजतो. सिसइंटर्नल्सचं रेजडेलनल अशा कीज काढतं. 'मार्क्ड फॉर डिलिशन' म्हणणारी एरर १०१८ आली तर तोही परवानगीचा प्रश्न नाही, की आधीच पुसली गेली आहे आणि कुणीतरी तिचं टोक अजून धरून आहे. रीस्टार्ट करा.

काम झाल्यावर मालकी परत करायची असते. की विंडोजची असेल तर हे ऐच्छिक नाही. पुन्हा अॅडव्हान्स्ड, चेंज, आणि चौकटीत लिहायचं : एनटी, एक स्पेस, सर्व्हिस, मग बॅकस्लॅश, मग ट्रस्टेडइन्स्टॉलर, हा शेवटचा शब्द सलग. नुसतं 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' लिहिलंत तर चेक नेम्सला ते सापडत नाही आणि लोक समजतात की हे खातंच उडालं. ती एक सेवा आहे, म्हणून आडनावासकट हाक मारावी लागते. आणि आधी परवानग्या पूर्ववत करा, मालकी शेवटी सोडा. उलट क्रमाने गेलात तर यादीत स्वतःला दिलेलं फुल कंट्रोल काढताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू शकते.

तुमच्यापुरतं बोलायचं तर : एररमधल्या पत्त्यावरची ती एक की, तिच्यावर अॅडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टम, पोटातल्या कीज पायरीपायरीने, मग इन्स्टॉलर पुन्हा. तो बहुधा दुसऱ्या एखाद्या कीवर परत १४०२ म्हणेल. पत्ता वेगळा असेल तर तुमचं पहिलं काम बरोबर झालंय, पुढच्या कीवर तेच करा. मी एकदा अशा ११ कीज मोजल्या होत्या, १२ व्या वेळी इन्स्टॉलर निमूट पुढे गेला. पत्ता तोच आला तर मात्र परवानग्या सोडा, प्रोसेस मॉनिटरमधली युजर आणि डीटेल या रकान्यांसकट ती ओळ आणि अॅडव्हान्स्ड खिडकीचा फोटो पाठवा, बघतो.